सावकाश होण्याचीही घाई

ताई,

मी चाळिशीला आलेली, नोकरी करणारी बाई आहे. गेले काही महिने सजगपणे, सावकाश जगायचं मनावर घेतलंय. पहाटे पावणेपाचला उठते. ॲप लावून वीस मिनिटं ध्यान, मग कृतज्ञतेच्या वहीत तीन ओळी, मग चालणं. चालताना सावकाश जगण्यावरची व्याख्यानं ऐकते. वेळ कमी असतो म्हणून दीडपट वेगाने. त्यानंतर नेहमीचंच: घर, ऑफिस, परत घर. नवरा मदत करतो, म्हणजे सांगितलं की करतो. रात्री पाठ टेकली की दिवसभरात काय केलं ते आठवत नाही, काय राहिलं ते मात्र एकूण एक आठवतं. ध्यानाला बसले की डोक्यात कामांच्या याद्या सुरू होतात. परवा माझी नऊ वर्षांची मुलगी काहीतरी सांगत होती आणि मी ‘हं, हं’ करत होते. ती मध्येच थांबली आणि म्हणाली, ‘आई, मी आत्ता काय म्हणाले सांग.’ मला सांगता येईना. ती चिडली असती तर बरं वाटलं असतं. ती ‘जाऊ दे’ म्हणून निघून गेली.

मला हेही धड जमत नाहीये. सावकाश जगायचं म्हणजे नेमकं करायचं काय? आणि मी सावकाश झाले तर कामं कोण करणार?

तुमची,
सदा घाईत

ता. क. ऑफिसने दर बुधवारी जेवणाच्या सुट्टीत सजगतेचा वर्ग सुरू केलाय. हजेरी ऐच्छिक आहे. जावं का?

प्रिय ‘सदा घाईत’,

सावकाश जगण्यावरची व्याख्यानं दीडपट वेगाने! हे वाचून मी हसले, आणि तुम्हीही लिहिताना थोडं हसला असाल असं मला वाटतं. तुमचं दुखणं त्या एका वाक्यात आलंय. आधीच भरगच्च असलेल्या दिवसात तुम्ही सावकाशपणा हे आणखी एक काम म्हणून बसवलंत. त्याला वेळ ठरवली, उद्दिष्ट ठरवलं, ते पुरं झालं नाही की स्वतःला नापासही करून टाकलंत. यादी होती तशीच राहिली, वर ध्यान, वही आणि चालणं यांची भर पडली.

म्हणून माझं पहिलं सांगणं जरा उलटं वाटेल. महिनाभर पहाटेचं सगळं बंद ठेवा आणि झोपा. रात्री किती वाजता झोपता ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण पत्रावरून वाटतं की नऊला नक्कीच नाही. प्रौढ माणसाला रोज निदान ७ तास झोप हवी, असं अमेरिकेतल्या निद्रातज्ज्ञांच्या दोन संस्थांनी २०१५ मध्ये एकमताने सांगितलं. झोप तुटली की आधी तुटतं ते लक्ष. रात्री लक्षाची पुंजी उधळायची आणि पहाटे वीस मिनिटं बसून ती गोळा करायला निघायचं, हा व्यवहार आतबट्ट्याचा आहे. ध्यान वाईट नाही. तुमच्या सध्याच्या दिवसात ते झोपेच्या वाट्याचं खातंय, एवढंच.

आता त्या याद्या. ध्यानात याद्या येतात याचा अर्थ तुम्हाला ध्यान जमत नाही, असा लावू नका. मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट या हार्वर्डमधल्या दोन संशोधकांनी २,२५० माणसांना दिवसभरात अवेळी फोनवरून गाठून विचारलं: आत्ता काय करताय, मन त्यातच आहे की दुसरीकडे, आणि बरं वाटतंय का? २०१० साली त्याचे निष्कर्ष छापून आले. सुमारे ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामात नव्हतंच. म्हणजे जागेपणीचा जवळजवळ अर्धा वेळ. तेव्हा याद्यांच्या बाबतीत तुम्ही एकट्या नाही, अख्खी मानवजात तुमच्या पंगतीला आहे. मला त्यातली पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. माणूस काय करतोय यापेक्षा मन त्या कामात आहे की नाही, यावरून त्याला किती बरं वाटतंय ते अधिक कळत होतं. मन एखाद्या सुखद विचारात गेलं असलं तरी हातातल्या कामात रमलेल्या माणसापेक्षा तो माणूस जास्त सुखी नव्हता.

जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात सजगतेच्या ध्यानाचा अभ्यासक्रम सुरू केला. ध्यानाची आजची बरीच ॲप त्याच वळणावर चालतात, आणि त्याचं मूळ बौद्ध परंपरेतल्या श्वासावर लक्ष ठेवण्याच्या साधनेत आहे. त्यात मन जाणार हे धरूनच चालतात. गेलं, लक्षात आलं, परत आणलं: व्यायाम तो इतकाच. यादी सुरू झालेली तुमच्या लक्षात येते ना? मग तुम्हाला जमतंय. ॲप फक्त बसल्याची मिनिटं मोजतं, म्हणून तुम्हाला ते कळलं नाही.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर देण्याआधी एक गोष्ट वेगळी काढते. वेग आणि घाई या दोन गोष्टी आहेत. हात भराभर चालणारा एखादा कसबी कारागीर पाहा. वेग त्याच्या हातात असतो, चेहऱ्यावर घाई नसते. घाई म्हणजे हात या कामात आणि जीव पुढच्या कामात. त्यामुळे सावकाश होण्यासाठी तुम्हाला गोगलगाय व्हायची गरज नाही. पटापट कामं करायची तर खुशाल करा. दोन कामांमधून जी फट नाहीशी झाली आहे, ती परत आणायची आहे.

ती फट नसली की काय होतं, हे जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात दिसलं. प्रिन्स्टनमधल्या धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना शेजारच्या इमारतीत जाऊन छोटं भाषण द्यायला सांगितलं होतं. काहींच्या भाषणाचा विषय तर वाटेत जखमी पडलेल्याला मदत करणाऱ्या परोपकारी माणसाची बायबलमधली कथा, हाच होता. वाटेत एक माणूस दारापाशी कोसळून खोकत, कण्हत बसलेला. तोही प्रयोगाचाच भाग. ज्यांना भरपूर वेळ आहे असं सांगितलं होतं, त्यांच्यातले ६३ टक्के मदतीला थांबले. ज्यांना ‘उशीर झालाय, पळा’ म्हटलं होतं, त्यांच्यातले फक्त १० टक्के. भाषण कशावर आहे याने म्हणण्यासारखा फरक पडला नाही. परोपकारावर बोलायला निघालेली मुलं कण्हणाऱ्या माणसाला ओलांडून पुढे गेली.

ही मुलं दगडाच्या काळजाची नव्हती. तुम्हीही नाही. लेकीचं बोलणं तुमच्या कानावरून गेलं त्याचं कारण माया कमी पडली हे नव्हतं, तुम्ही मनाने पुढच्या कामाच्या दारात उभ्या होतात. आणि व्याख्यानं ऐकून हे सुटत नाही, हेही या प्रयोगातून घ्या. विषय डोक्यात असणं आणि वेळ हाताशी असणं, यात माणसाला थांबवतं ते दुसरं.

मग करायचं काय? सुरुवात कामांच्या सांध्यांपासून करा. एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलं की मनाचा एक तुकडा पहिल्याच कामात अडकून राहतो, हे सोफी लेरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये दाखवून दिलं. तुमच्या दिवसात असे सांधे सकाळपासून रात्रीपर्यंत आहेत आणि प्रत्येक ठिकाणी थोडं थोडं मागे राहतंय. संध्याकाळी घरी पोचेपर्यंत लेकीच्या वाट्याला येतो तो उरलेला तुकडा. यावर एक साधा उपाय आहे. ऑफिसचं काम बंद करताना कागदावर दोन ओळी लिहा: कुठे थांबले, उद्या सुरुवात कशाने. कागदाला आठवण असली की डोक्याला ती धरून बसावी लागत नाही. कृतज्ञतेच्या वहीपेक्षा तुम्हाला सध्या या दोन ओळींचा उपयोग जास्त होईल, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरा सांधा घराच्या दाराचा. किल्ली हातात घेतली की कुलूप उघडण्याआधी तीन श्वास. श्वास सोडताना तो घेतानापेक्षा लांबवायचा. यात गूढ काही नाही. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना किंचित मंदावतात. लांब उच्छ्वासाने शरीराला ‘धोका टळला’ असा निरोप जातो. शेजारी काय म्हणतील याची चिंता नको, किल्ली सापडत नाहीये असंच त्यांना वाटेल.

मी दाराचं, किल्लीचं एवढं नेमकं का सांगतेय? ‘मी आता शांत राहीन’ या निश्चयाला दिवसात जागाच नसते. तो सकाळी केला जातो आणि रात्री आठवतो. पीटर गोलविट्झर हे मानसशास्त्रज्ञ अशा ‘अमुक झालं की तमुक करीन’ धाटणीच्या संकल्पांवर काम करत आले आहेत, आणि मोघम निश्चयापेक्षा असे संकल्प पार पडण्याची शक्यता बरीच जास्त असते, असं त्यांना आढळलं. किल्ली रोज हातात येणारच आहे. तिला आठवण करू द्या.

एवढे दोन सांधे महिनाभर पुरेत. तिसरा शोधू नका. तुमचा स्वभाव मला पत्रातून थोडा कळलाय: आठवड्याभरात तुम्ही सांध्यांचा तक्ता कराल.

चालण्याचं मात्र परत सुरू करा, झोप पुरी झाल्यावर, जमेल त्या वेळी, आणि कानात काही न घालता. चालताना मन शांत ठेवायचा प्रयत्नही नको. एलन लँगर या मानसशास्त्रज्ञ गेली कित्येक दशकं सांगत आल्या आहेत की सजगतेसाठी आसन लावूनच बसलं पाहिजे असं नाही. समोरच्या गोष्टीत नवं काय आहे ते हुडकत राहणं पुरतं. रोजच्याच रस्त्यावर आज काय बदललंय? कुठल्या खिडकीला पडदा आला, कोणतं झाड पानं टाकतंय, समोरून येणारा माणूस आज कुत्र्याशिवाय का? असं बघणाऱ्या बाईला वर्तमानात आणावं लागत नाही, ती तिथेच असते.

रात्री दिवस आठवत नाही असं तुम्ही लिहिलंय, त्याचाही लक्षाशीच संबंध आहे. जिकडे लक्ष गेलं नाही, ते स्मृतीत नीट उतरतच नाही. राहिलेल्या कामांकडे तुमचं लक्ष दिवसभर होतं, म्हणून ती रात्री एकूण एक आठवतात. झालेल्या कामांच्या वेळी तुम्ही तिथे नव्हता. वर्षं कशी गेली कळलंच नाही, असं आपण म्हणतो, त्यातही बराच भाग अशाच दिवसांचा असतो.

याचा अर्थ प्रत्येक भांडं पूजा केल्यासारखं घासा, असा मी अजिबात काढत नाही. तसला उपदेश बहुधा ज्यांना भांडी घासावी लागत नाहीत ते करतात. काही कामं उरकायचीच असतात. ती करताना गाणी ऐका, मैत्रिणीशी गप्पा मारा, मन भटकू द्या. भटकणाऱ्या मनाला कधीकधी चांगलं काही सुचतंही. दिवसातलं एखादंच काम निवडा, शक्यतो ज्यात हातांना काहीतरी जाणवतं असं: आंघोळ, कपड्यांच्या घड्या, कुंड्यांना पाणी. तेवढं एक काम, त्याच्या जोडीला दुसरं नको.

लेकीबद्दल. तिच्यासाठी रोज अर्धा तास राखून ठेवा, असं मी सांगणार नाही. मुलांना राखीव अर्धा तास दिला की त्यांना नेमकं त्याच वेळी काही सांगायचं नसतं. त्यांच्या गोष्टी आपल्या हातात काम असतानाच येतात, आणि त्यांच्या गोष्टीत मुद्दा कधी सुरुवातीला नसतो. मैत्रिणीच्या पेन्सिलीपासून निघून, शिक्षकांच्या सर्दीवरून, फार उशिरा ‘आणि मग मला कुणी खेळायलाच घेतलं नाही’ येतं. ‘हं, हं’ म्हणणाऱ्या माणसापाशी मूल तिथपर्यंत पोचत नाही. म्हणून ती आली की दोनच पर्याय ठेवा. हात थांबवून तिच्याकडे वळा. नाहीतर खरं सांगा: ‘एवढं पाठवते आणि मग ऐकते.’ दुसरं सांगितलंत तर काम झाल्यावर तुम्ही उठून तिच्याकडे जायचं, तिने परत येण्याची वाट बघायची नाही. तुम्ही स्वतः जाऊन ‘हां, बोल आता’ म्हणालात की तिला मागचं ‘थांब’ खरं वाटेल. आणि परवाचं? विचारून बघा. ‘मी तेव्हा ऐकत नव्हते, आता सांगशील?’ ती बहुतेक विसरली असेल. विचारल्याचं विसरणार नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न: मी सावकाश झाले तर कामं कोण करणार. इथे मला थोडं कडक बोलावं लागेल, आणि ते फक्त तुम्हाला उद्देशून नाही. ‘सांगितलं की करतो’ हे वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात. पण घरकामातला सगळ्यात न संपणारा भाग काम करण्याचा नसतोच. काय संपलंय, काय संपत आलंय, कुणाची तारीख कधी आहे, कोणाला फोन करायचा राहिलाय, हे सतत डोक्यात फिरवत ठेवणं हाच तो भाग, आणि तो सगळा तुमच्याकडे आहे. तुमच्या ध्यानात येणाऱ्या याद्या कुठून येतात असं तुम्हाला वाटतं? ज्या घाईचं मूळ कामाच्या वाटणीत आहे, ती श्वासाने जात नाही.

तेव्हा नवऱ्याला मदत मागू नका, कामं सोपवा. अख्खी, आठवणीसकट. उदाहरणार्थ मुलीच्या शाळेचं सगळं खातं त्याच्याकडे: फी, सूचना, सहलीची संमतीपत्रं, शाळेच्या ग्रुपवरचे निरोप. त्या ग्रुपमधून तुम्ही बाहेर पडायचं. एखादी तारीख चुकेल. चुकू द्या, त्याचं उत्तर तो देईल. हे बोलणं दोघं दमलेले असताना रात्री काढू नका. सुट्टीच्या दिवशी, कागद समोर घेऊन बसा, आणि डोक्यात फिरणारी प्रत्येक गोष्ट आधी कागदावर उतरवा. बऱ्याच घरांत तो कागद बघितल्यावर समोरच्याचा चेहरा बदलतो. त्याने आजवर ती यादी पाहिलेलीच नसते.

आणि सगळीच कामं वाटायची नसतात, काही सोडायची असतात. रूथ श्वॉर्ट्झ कोवन या अमेरिकन इतिहासकार बाईंनी १९८३ मध्ये एक गंमत उलगडून दाखवली. घरात यंत्रं आली तरी अमेरिकन गृहिणींचे घरकामाचे तास फारसे कमी झाले नाहीत. एक कारण असं की धुणं सोपं झालं तसे कपडे जास्त वेळा धुवायला पडू लागले, स्वच्छतेची मापं चढत गेली. वाचलेला वेळ असा नव्या अपेक्षा खाऊन टाकतात. तुमच्या घरी कोणती मापं अशी चढली आहेत, ते तुम्हालाच ठाऊक. एक खाली आणा. कोणालाही न सांगता आणा आणि कुणाच्या लक्षात येतं का बघा.

ऑफिसचंही तेच. एका माणसाच्या अंगावर दोघांचं काम असेल, तर ते शांतपणे सोसायची ताकद यावी म्हणून ध्यान करू नका. वरिष्ठांपुढे कामांची यादी ठेवा आणि यातलं आधी काय, नंतर काय, हे त्यांना ठरवायला लावा.

एक इशारा देऊन ठेवते. फट मिळाली की सुरुवातीला बरं वाटेलच असं नाही. व्हर्जिनिया विद्यापीठातल्या टिमोथी विल्सन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये लोकांना १५ मिनिटं नुसतं आपल्या विचारांसोबत बसायला सांगितलं. खोलीत करायला एकच गोष्ट होती: हवा तर स्वतःला विजेचा झटका देण्याचं बटण. हा झटका टाळायला पैसे मोजू, असं आधी म्हणालेल्यांपैकीच १८ पुरुषांतल्या १२ जणांनी आणि २४ बायकांतल्या ६ जणींनी ते बटण दाबलं. रिकामं बसणं इतकं जड जातं. शिवाय धावताना मागे टाकलेल्या गोष्टी, एखादं जुनं दुःख, एखादी न बोललेली काळजी, थांबल्यावर गाठतात. थोडी चुळबुळ, थोडं रडू आलं तर घाबरू नका. मात्र डोळे मिटून बसल्यावर घालमेल वाढतच जात असेल, तर बसणं थांबवा, काही जणांना त्याचा त्रास होतो. आणि उदासी आठवडेच्या आठवडे राहिली, झोप पुरेशी वेळ देऊनही लागेना, छातीत धडधड होऊ लागली, तर डॉक्टरांना दाखवा. त्यात कमीपणा नाही, आणि ते माझ्या सदराचं काम नव्हे.

ताज्या कलमात तुम्ही विचारलंय की ऑफिसने दर बुधवारी जेवणाच्या सुट्टीत सजगतेचा वर्ग सुरू केलाय, हजेरी ऐच्छिक आहे, तर जावं का. नको. जेवा. ज्या मैत्रिणीशी गेले कित्येक महिने फक्त जिन्यात ‘भेटू या एकदा’ एवढंच बोलणं झालंय, तिला सोबत घ्या. आणि वर्ग घेणाऱ्यांनी विचारलं, तर तुम्हाला मीच तसं सांगितलंय म्हणून सांगा.

तुमची,
ताई